चालताना थांबविणारी पोटरी : धमनीरोधजन्य पादशूलात चंक्रमण-चिकित्सा



पायदुखी ही आपल्या बाह्यरुग्ण विभागातील नित्याची तक्रार आहे. तीत संधिवात, गृध्रसी, वातरक्त आणि शिरांचे फुगणे हे व्याधी आपण सहज ओळखतो. मात्र एक व्याधी या गर्दीत हमखास निसटतो. पायाच्या धमन्या आतून अरुंद झाल्याने चालताना पोटरीत शूल उत्पन्न होतो आणि थांबल्यावर तो काही मिनिटांत शमतो. आधुनिक वैद्यकात यास पेरिफेरल आर्टरी डिसीज आणि त्यातील या लक्षणास इंटरमिटंट क्लॉडिकेशन म्हणतात. या व्याधीची एक प्रमुख चिकित्सा म्हणजे चालणे. तेही वेदना टाळून नव्हे, तर वेदनेपर्यंत चालणे. हे ऐकावयास विपरीत वाटते. म्हणूनच त्यामागील शास्त्र, विधी आणि निषेध यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एका रुग्णाची नोंद

प्रारंभी माझ्याच चुकीची कबुली देतो. कोडोलीजवळच्या एका वाडीतील एकसष्ट वर्षांचे शेतकरी माझ्याकडे आले. पंचवीस-तीस वर्षे विडीचे व्यसन, सात वर्षांपासून प्रमेह. उजव्या पायात कंबरेपासून खाली ओढ लागते, असे ते सांगत. पाय सरळ उचलून पाहता थोडी वेदना झाली आणि मी गृध्रसी असे निदान केले. चार महिने गुग्गुळकल्प, बस्ती आणि स्वेदन केले. उपशय अल्पच मिळाला. तेव्हा चरकाचार्यांनी गृध्रसीसाठी निर्देशिलेल्या कंडरा व गुल्फ यांमधील स्थानी अग्निकर्म केले.

त्या चार बिंदूंपैकी एक बिंदू भरून येईना. पंधरा दिवसांनी त्याची कड काळसर दिसू लागली. त्या दिवशी मी प्रथमच त्यांच्या पायाची नाडी पाहिली. पावलाच्या पृष्ठावरील नाडी लागत नव्हती आणि आतील घोट्यामागची अतिक्षीण होती. रोज हातची नाडी पाहणारा मी वैद्य, पायाची नाडी पाहण्यास मला साडेचार महिने लागले.

नंतर नीट प्रश्न विचारले तेव्हा ते म्हणाले, “डॉक्टरसाहेब, तिसऱ्या खांबाला पोटरीत गोळा येतोय. जरा थांबलं की आपसूक मोकळं हुतंय बघा.” हे निदानसूत्र त्यांनी पहिल्या भेटीतही सांगितले असते, मी विचारले नव्हते. त्यांना कोल्हापुरास शल्यतज्ज्ञांकडे पाठविले. घोटा व दंड यांच्या रक्तदाबाचे गुणोत्तर ०.५८ आले. व्रण भरण्यास नऊ आठवडे लागले. बोट वाचले, हे त्यांचे आणि माझेही सुदैव. पुढे तज्ज्ञांच्या संमतीने त्यांस चालविले. त्याचा वृत्तांत लेखाच्या अखेरीस देतो.

संप्राप्ती

पोटरीच्या स्नायूंना विश्रांतीत रक्त थोडे लागते. चालताना ही गरज अनेक पटींनी वाढते. धमनी निरोगी असेल तर ती प्रसरण पावून पुरवठा वाढविते. धमनीच्या भित्तीत मेदयुक्त थर साचून मार्ग अरुंद झाला असेल, तर विश्रांतीत पुरणारे रक्त चालताना पुरत नाही. प्राणवायूच्या अभावी स्नायू आखडतो व दुखतो. मनुष्य थांबतो, गरज घटते, शूल शमतो. तितकेच अंतर चालल्यावर तो पुन्हा उद्भवतो. अवरोध मांडीतील धमनीत असेल तर पोटरी दुखते. त्याहून वर, उदर वा कटीप्रदेशातील धमनीत असेल तर नितंब व मांडी दुखते.

या लक्षणाचे पहिले वर्णन मनुष्याचे नसून घोड्याचे आहे. १८३१ मध्ये बुले या फ्रेंच पशुवैद्याने काही अंतर धावल्यावर लंगडणाऱ्या व विश्रांतीनंतर पूर्ववत होणाऱ्या घोड्यात मागील पायाच्या धमनीचा अवरोध दाखविला. १८५८ मध्ये शार्को यांनी तेच लक्षण मनुष्यात वर्णिले.

हेतूंमध्ये धूम्रपान व प्रमेह हे दोन अग्रणी होत. त्यानंतर उच्च रक्तदाब, रक्तातील मेदाचे आधिक्य, वाढते वय आणि वृक्कविकार. चेन्नई येथे झालेल्या व २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका लोकसंख्या-पाहणीत प्रमेही व्यक्तींपैकी ६.३ टक्के व्यक्तींत हा व्याधी आढळला होता. विडी-तंबाखूचे सेवन करणाऱ्या तरुणांत धमनीशोथाचा निराळा प्रकारही आढळतो. १९०८ मध्ये लिओ बर्गर यांनी त्याचे सविस्तर वर्णन केले. चाळिशीच्या आतील विडी ओढणाऱ्याचे पाऊल चालताना दुखत असेल, तर या बर्गर व्याधीचे स्मरण ठेवावे. त्यात तंबाखूचा संपूर्ण त्याग हीच पहिली चिकित्सा होय.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. रुग्णास भय असते पाय तोडावा लागण्याचे. प्रत्यक्षात अधिक धोका हृदयास व मस्तिष्कास असतो. २००५ च्या अमेरिकन मार्गदर्शिकेनुसार केवळ चालतानाच पाय दुखणाऱ्या रुग्णांपैकी पाच वर्षांत १ ते २ टक्के रुग्णांचाच पाय गंभीर अवस्थेस जातो. परंतु सुमारे २० टक्क्यांना हृदयविकाराचा वा पक्षाघाताचा प्राणघातक न ठरलेला झटका येतो आणि १५ ते ३० टक्के मृत्यू पावतात. पायातील धमनीरोग ही सर्व शरीरातील धमन्यांची सूचना आहे.

आयुर्वेदीय विचार

या व्याधीस ग्रंथांतील एकच नाव चिकटविण्याचा मोह टाळावा. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील विसाव्या अध्यायात कफाच्या वीस नानात्मज विकारांत धमनीप्रतिचय गणला आहे. धमनीचे उपलेपन व स्थूलता हा अर्थ येथे जुळतो. अवरुद्ध मार्गामुळे वायूचा प्रकोप, त्यामुळे शूल व शीतता. पुढे धातुक्षय, त्वचा रुक्ष, केस गळणे, नखे जाड होणे, ही परंपराही जुळते. म्हणजे मार्गावरणजन्य वातप्रकोप आणि मूळ आवरक कफ-मेद, अशी संप्राप्ती मांडता येते.

आता व्यायामाचा प्रश्न. वाग्भटाचार्यांनी वातपित्ताच्या रोग्यास, बालकास, वृद्धास व अजीर्णग्रस्तास व्यायाम वर्ज्य सांगितला आहे. शिवाय व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा असा दंडक आहे. आपला रुग्ण वृद्ध, त्यातही शूलाने पीडित. मग त्यास दुखेपर्यंत चालविणे शास्त्रविरुद्ध नव्हे काय? ही शंका माझ्या अनेक मित्रांनी काढली आहे आणि ती रास्त आहे.

तिचे उत्तर ग्रंथांतच आहे. वरील निषेध दिनचर्येतील, स्वास्थ्यासाठी नित्य करावयाच्या व्यायामाचा आहे. व्यायाम जेथे औषध म्हणून योजला आहे, तेथे आचार्यांनी निराळा विचार केला आहे. ऊरुस्तंभात कफ-मेद व आम यांनी वायूचा मार्ग रोधलेला असतो. मांड्या जड, थंड व स्तब्ध होतात. तेथे चरकाचार्य स्नेहन व शोधन निषिद्ध मानतात आणि रुग्णास प्रातःकाळी वाळू-खड्यांवरून चालविण्यास, तसेच सुरक्षित नदीत प्रवाहाविरुद्ध पोहविण्यास सांगतात. प्रमेहचिकित्सेत सुश्रुताचार्यांनी निर्धन रुग्णास शंभर योजने पायी जाण्यास सांगितले आहे. ऊरुस्तंभ म्हणजे हाच धमनीरोग, असे माझे म्हणणे नाही. आवरणजन्य पादविकारात चालणे हे औषध होऊ शकते हे तत्त्व आपल्या परंपरेस अपरिचित नाही, एवढेच म्हणणे आहे.

अर्धशक्तीचा दंडकही मोडत नाही. अर्ध्या बलाची खूण म्हणून सुश्रुतांनी श्वास मुखावाटे येऊ लागणे ही खूण सांगितली आहे. ही खूण हृदय व श्वास यांच्या श्रमाची आहे, पोटरीच्या शूलाची नाही. या रुग्णात पोटरी फार लवकर थकते, श्वास मागे राहतो. जुन्या पिढीला आण्यांचा हिशेब कळतो म्हणून मी रुग्णांना सांगतो, “श्वास आठ आणे, पोटरी बारा आणे.” श्वासाचा आठ आण्यांचा दंडक पाळून पोटरी बारा आण्यांपर्यंत दुखू द्यावी.

मात्र दोन ठिकाणी ग्रंथवचन शब्दशः घेऊ नये. सुश्रुतांनी प्रमेहीस पादत्राणाविना चालावयास सांगितले आहे. ज्याच्या पावलाची संवेदना व रक्तपुरवठा घटला आहे, त्यास अनवाणी चालविणे म्हणजे व्रणास आमंत्रण होय. वाळू-खड्यांवरील चालणेही याच कारणाने वर्ज्य. तळहात-तळपायांस सुप्तता हे प्रमेहाचे पूर्वरूप आचार्यांनीच सांगितले आहे. सुप्त पावलास खडा टोचल्याचे कळत नाही, हे आपण विसरू नये.

निदान व व्यवच्छेद

रुग्णास पाच प्रश्न विचारावेत. कोठे दुखते? किती अंतरावर दुखू लागते? दर वेळी साधारण तेवढ्याच अंतरावर दुखते काय? नुसते उभे राहिल्याने थांबते काय? किती वेळात थांबते?

धमनीरोधजन्य शूल पोटरीत पिळवटल्यासारखा येतो, ठराविक अंतरावर येतो आणि उभ्या उभ्या दहा मिनिटांच्या आत शमतो. कण्यातील नाडीमार्ग आकुंचित झाल्याने होणारा शूल चालताना येतो खरा, पण नुसते उभे राहूनही येतो आणि शमण्यासाठी बसावे किंवा पुढे वाकावे लागते. असा रुग्ण चालू शकत नाही, पण सायकलवर वाकून मैलभर जातो. गृध्रसीत वेदना कंबरेतून रेषेसारखी उतरते, खोकल्याने वाढते, बसूनही त्रास होतो. संधिवातात पहिली पावलेच दुखतात. शिराविकारात संध्याकाळी पाय जड होतो व उंच ठेवल्याने बरे वाटते. धमनीरोधात उंच ठेवल्याने पाय फिका पडतो व त्रास वाढतो. माझ्या रुग्णाप्रमाणे दोन व्याधी एकत्र असणे शक्य आहे. एक सापडला म्हणून दुसऱ्याचा शोध थांबवू नये.

दर्शनात त्वचेचा वर्ण, केस, नखे, बोटांमधील भेगा आणि टाच पाहावी. स्पर्शनात दोन्ही पावलांची उष्णता ताडून पाहावी. नंतर चार स्थानी नाडी पाहावी : जांघेत, गुडघ्यामागे, आतील घोट्यामागे आणि पावलाच्या पृष्ठावर. पावलावरील नाडी काही निरोगी व्यक्तींतही लागत नाही. घोट्यामागची नाडी न लागणे अधिक अर्थपूर्ण होय.

घोटा-दंड गुणोत्तर ही सोपी व अल्पखर्चिक तपासणी आहे. रुग्णास काही मिनिटे उताणे निजवून हातात धरावयाच्या डॉप्लर यंत्राने दोन्ही दंडांचा व घोट्यांचा वरचा रक्तदाब मोजावा. घोट्याजवळच्या दोन धमन्यांपैकी अधिक दाबास दोन्ही दंडांपैकी अधिक दाबाने भागावे. दंडाचा दाब १४० व घोट्याचा ९८ असेल, तर गुणोत्तर ०.७० येते. १.०० ते १.४० प्राकृत, ०.९१ ते ०.९९ सीमेवरील, ०.९० वा त्याहून कमी म्हणजे व्याधी. जुन्या प्रमेहात व वृक्कविकारात धमनीभित्ती चुनखडीसारखी कठीण होऊन दाब खोटा वाढतो, १.४० हून अधिक आकडा आल्यास समाधान मानू नये, अंगठ्याचा दाब मोजवून घ्यावा. लक्षण स्पष्ट असून विश्रांतीतील गुणोत्तर प्राकृत आले, तर चालवून पुन्हा मोजावे. हे यंत्र चिकित्सालयात नसेल तर रुग्णास कोल्हापूर वा मिरजेस पाठवावे. पण पायाची नाडी पाहण्यास यंत्र लागत नाही.

कोणास चालवू नये

पुढील रुग्णांना चंक्रमण-चिकित्सा देऊ नये. त्यांना विलंब न लावता तज्ज्ञांकडे पाठवावे.

१. रात्री अंथरुणात पाऊल दुखणारे व पाय खाटेखाली सोडल्यावर बरे वाटणारे.
२. पावलावर न भरणारा व्रण, काळेपणा वा पूय असलेले.
३. घोट्याचा दाब ५० हून कमी असलेले.
४. अलीकडे हृदयविकाराचा झटका आलेले, थोड्या श्रमाने वा बसल्या जागी छातीत दुखणारे, हृदयाची झडप तीव्र आकुंचित असलेले.

आणखी एक आत्ययिक अवस्था आहे. पाय अकस्मात थंड, फिका, बधिर व अतिवेदनायुक्त झाला आणि नाडी लागेनाशी झाली, तर ती धमनी एकाएकी बंद झाल्याची खूण समजावी. तेथे काही तासांतच पाय गमावला जातो. लेप, शेक वा मर्दन यांत एक घटकाही न दवडता रुग्णास शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे.

चिकित्सेच्या नावाखाली होणारे अपायही येथेच सांगतो. नाडी न लागणाऱ्या पायावर अग्निकर्म, सिरावेध, जलौका वा तीव्र स्वेदन करू नये. गरम पाण्याची पिशवी देऊ नये. जोरदार मर्दन करू नये. कापडाची वा लवचीक पट्टी आवळून बांधू नये. दाह लपला तरी त्वचा भाजते आणि भाजलेली त्वचा भरून येण्यास लागणारे रक्त तेथे पोहोचत नाही.

पुरावा काय सांगतो

१९६६ मध्ये डेन्मार्कमधील लार्सेन व लासेन यांनी अल्प रुग्णसंख्येची परंतु तुलनात्मक पाहणी करून नित्य व्यायामाने चालण्याची क्षमता वाढते हे दाखविले. १९९५ मध्ये गार्डनर व पोलमन यांनी तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. वेदना सुरू होण्यापूर्वीचे अंतर सरासरी १२६ मीटरवरून ३५१ मीटरवर आणि थांबावे लागेपर्यंतचे अंतर ३२६ वरून ७२३ मीटरवर गेले होते. सर्वाधिक लाभ कोणास झाला? जवळजवळ कमाल वेदनेपर्यंत चालणाऱ्यांस, दर वेळी निदान अर्धा तास, आठवड्यातून निदान तीनदा, सहा महिने चालणाऱ्यांस.

२०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील १११ रुग्णांच्या अभ्यासात कटीप्रदेशातील धमनीचा अवरोध असलेल्यांचे तीन गट केले होते. सहा महिन्यांनी केवळ औषधे घेणाऱ्यांची चालण्याची कमाल वेळ १.२ मिनिटांनी, धमनीत जाळी बसविलेल्यांची ३.७ मिनिटांनी आणि देखरेखीखाली व्यायाम करणाऱ्यांची ५.८ मिनिटांनी वाढली. जाळी निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हे. जीवनमानाच्या काही मोजमापांत जाळीचा गटच पुढे होता. परंतु चालणे ही दुय्यम चिकित्सा नाही, एवढे यातून निश्चित होते.

आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा अभ्यास २०२१ चा आहे. मॅकडरमट व सहकाऱ्यांनी ३०५ रुग्णांच्या अभ्यासात दोन गटांना घरीच चालविले. एका गटास वेदना येईल अशा गतीने, दुसऱ्यास वेदना न येईल अशा सौम्य गतीने. वर्षाअखेर सहा मिनिटांत चाललेले अंतर पहिल्या गटात ३४.५ मीटरने वाढले. सौम्य गटात वाढले तर नाहीच, उलट ६.४ मीटरने घटले. आपण सारे रुग्णास काय सांगतो? “हळूहळू फिरत जा, दुखले की लगेच थांबा.” हा उपदेश प्रेमाचा आहे, पण तो औषध नाही.

चालण्याने अरुंद धमनी रुंद होत नाही. घोटा-दंड गुणोत्तर बहुधा तसेच राहते. स्नायू उपलब्ध प्राणवायूचा अधिक चांगला उपयोग करू लागतो, धमनीच्या आतील अस्तराची प्रसरणक्षमता सुधारते, चालण्याची ढब कमी श्रमाची होते. म्हणून “ब्लॉक गेला का?” या प्रश्नास “नाही, पण आता तुमचा पाय त्याला पुरून उरतो” हे प्रामाणिक उत्तर द्यावे.

विधी

स्थान : सपाट, बिनखड्याचा, रहदारी नसलेला मार्ग. मध्ये टेकावयास कट्टा असावा.

काल : सकाळ. जेवणानंतर लगेच नको. प्रमेहाची औषधे वा इन्सुलिन घेणाऱ्याने उपाशीपोटी चालू नये व खिशात साखर ठेवावी.

क्रम : पाच मिनिटे संथ चालावे. नंतर तीन ते पाच मिनिटांत वेदना सुरू होईल इतक्या गतीने चालावे. वेदना बारा आणे होईपर्यंत चालत राहावे, रुपया होऊ देऊ नये. मग थांबावे वा बसावे. वेदना पूर्ण शमल्यावरच पुन्हा निघावे. असे आवर्तन करीत विश्रांतीसह आरंभी पस्तीस मिनिटे, पुढे हळूहळू पाच-पाच मिनिटे वाढवून पन्नास मिनिटांपर्यंत न्यावे. अखेर पाच मिनिटे संथ चालावे.

वारंवारता : आठवड्यातून तीन ते पाच दिवस, निदान बारा आठवडे, शक्यतो सहा महिने, आणि त्यानंतर आयुष्यभर. सोडल्यास लाभ ओसरतो.

वृद्धी : सलग आठ ते दहा मिनिटे बारा आणे वेदनेविना चालता येऊ लागल्यावर गती वाढवावी, पुढे किंचित चढाचा मार्ग घ्यावा.

थांबण्याच्या खुणा : छातीत दाब, भोवळ, अतिश्वास, थंड घाम. अशा वेळी व्यायाम बंद करून हृदयाची तपासणी करावी. आरंभापूर्वी प्रत्येक रुग्णाची हृदयपरीक्षा झालेली असावी.

नोंद : वहीच्या एका पानावर तारीख, वेदना कोणत्या खांबापाशी सुरू झाली, कोणत्या खांबापाशी थांबावे लागले, आवर्तने व एकूण मिनिटे. विजेच्या खांबांमधील अंतर एकदा टेपने मोजून ठेवावे म्हणजे मीटरचा हिशेब आपोआप होतो.

पादरक्षण : चालण्यापूर्वी व नंतर पावले, तळवे व बोटांच्या बेचक्या पाहाव्यात, दिसत नसल्यास घरच्यांकडून पाहवून घ्याव्यात. मोजे व पुढून बंद, मऊ, सैल बूट वापरावेत. आपल्या भागाचा अभिमान असलेली कोल्हापुरी चप्पल नवी असताना चावते. निरोगी माणसाचा तो फोड चार दिवसांत बरा होतो, या रुग्णाचा बोट घेऊन जातो.

आपल्या परिसरातील अडचणी

पहिली अडचण उत्तराची असते : “आम्ही शेतात दिवसभर चालतोच की!” शेतातील चालणे तुटक असते. बांधावर टेकत, वेदनेच्या अलीकडेच थांबत मनुष्य काम करतो. नकळत तो सौम्य गटातच राहतो. त्यामुळे वेगळा वेळ काढून केलेले चालणे आवश्यक आहे, हे वहीवर अंतर दाखवूनच पटते.

दुसरी अडचण पावसाची. पन्हाळा भागात पावसाळ्यात रस्ते निसरडे होतात व महिनाभर चालणे बंद पडते. मंदिराचा सभामंडप, शाळेचा लांब व्हरांडा वा मंगल कार्यालय येथे येरझाऱ्या घालता येतात. ऊसतोडीच्या हंगामात वेळ बदलून घ्यावी, पण खंड पडू देऊ नये.

तिसरी अडचण श्रद्धेची, व ती हळुवारपणे हाताळावी. जोतिबाचा डोंगर अनवाणी चढण्याचा नवस असतो, पंढरीची वारी असते. देवास नकार देण्यास सांगू नये. बधिर पावलाच्या रुग्णास बूट घालून, पावले रोज पाहून, टप्प्याटप्प्याने जाण्यास सांगावे. व्रण असल्यास नवस पुढे ढकलण्यास सांगावे.

चौथी अडचण स्त्रियांची. त्यांना तंबाखूचे व्यसन विचारले तर त्या नाही म्हणतात, कारण मिश्री हे व्यसन त्या मानतच नाहीत. मिश्रीचे नाव घेऊनच विचारावे. एकटीने रस्त्यावर येरझाऱ्या घालणे त्यांना संकोचाचे वाटते. त्यांचा गट करावा. शिकागो येथे १९४ रुग्णांवर झालेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठवड्यातून एकदा गटाने भेटून इतर दिवशी घराजवळ चालणाऱ्यांचे सहा मिनिटांतील अंतर सहा महिन्यांत ३५७ वरून ४०० मीटरवर गेले, तर इतरांचे ३५३ वरून ३४२ वर उतरले. यास यंत्र लागत नाही, आठवड्यातून एक तास देणारा वैद्य लागतो.

औषधे आणि विक्रेत्यांचे दायित्व

तंबाखू-विडीचा त्याग, प्रमेह व रक्तदाब यांचे नियंत्रण, मेद घटविणारे स्टॅटिन आणि ॲस्पिरिन वा क्लोपिडोग्रेल ही आधुनिक चिकित्सेची चौकट आहे. ती आपल्या सांगण्यावरून कोणी बंद करू नये. चालण्याने पाय सुधारतो, पण हृदयाचे रक्षण या औषधांनी होते.

गुग्गुळाविषयी तारतम्य हवे. सुश्रुतांच्या मेदोरोगवर्णनावरून प्रेरणा घेऊन डॉ. सत्यवती यांनी १९६६ मध्ये बनारस येथे केलेल्या संशोधनाने गुग्गुळास जगात स्थान मिळाले. पण २००३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठ आठवडे गुग्गुळसत्त्व घेणाऱ्यांचा घातक मेद घटण्याऐवजी किंचित वाढला. म्हणून स्टॅटिनच्या जागी गुग्गुळ हा सौदा करू नये. मुंबईतील संशोधकांनी १९९४ मध्ये गुग्गुळसत्त्वामुळे डिल्टियाझेम व प्रोप्रानोलोल यांचे शोषण घटते असे दाखविले. ही औषधे चालू असल्यास विचारून घ्यावे.

औषधविक्रेते मित्रहो, हा रुग्ण वैद्याआधी आपल्या दुकानात येतो. दर पंधरवड्यास वेदनाशामक गोळ्या वा मलम नेणाऱ्या पन्नाशीपुढील धूम्रपायी वा प्रमेही गिऱ्हाइकास एवढेच विचारावे : चालताना दुखते व थांबल्यावर थांबते काय? होय म्हटल्यास पायाची नाडी तपासून घेण्यास पाठवावे. ॲस्पिरिन वा क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यास वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत. रक्तस्रावाचा धोका वाढतो. सिलोस्टॅझोल हृदय दुर्बल झालेल्या रुग्णास वर्ज्य आहे आणि ओमेप्राझोलसह त्याची मात्रा निम्मी करावी लागते. चिठ्ठीत दोन्ही दिसल्यास चिकित्सकास विचारावे. प्रमेहीस कुरुपावरील आम्लयुक्त पट्टी कदापि विकू नये. कुरूप गळते तसे निरोगी कातडेही गळते.

त्या रुग्णाचे पुढे काय झाले

व्रण भरल्यावर आणि विडी सुटल्यावर त्यांनी चालण्यास आरंभ केला. आमच्या रस्त्यावर दोन खांबांतील अंतर ४२ मीटर आहे. पहिल्या दिवशी वेदना तिसऱ्या खांबापाशी आली व पाचव्यापाशी थांबावे लागले. पहिले तीन आठवडे काहीच फरक पडला नाही आणि ते चिकित्सा सोडण्याच्या बेतात होते. बारा आठवड्यांनी वेदना सातव्या खांबापाशी येऊ लागली व थांबणे बाराव्यापाशी, म्हणजे सुमारे ५०० मीटरवर आले. गुणोत्तर ०.६० होते, जवळजवळ जैसे थे. एका रुग्णावरून सिद्धांत होत नाही, विडी सोडल्याचाही वाटा त्यात आहे. पण ते आता बाजारास पायी जातात.

त्यांच्या घोट्यावर अग्निकर्माची ती पांढरी खूण आजही आहे. ते दर महिन्यास येतात तेव्हा मी प्रथम ती पाहतो, मग नाडी. त्या दिवसापासून पायदुखीच्या कोणत्याही रुग्णाचा जोडा-मोजा उतरवून चारही स्थानी नाडी पाहिल्याविना मी चिठ्ठी लिहीत नाही. वाचक वैद्यांनी या लेखातून दुसरे काही घेतले नाही तरी एवढे घ्यावे, ही विनंती.

सारांश

१. ठराविक अंतरावर येणारा व उभ्यानेच शमणारा पोटरीशूल धमनीरोधाचा समजून पायाची नाडी पाहावी.
२. रात्रीचा शूल, व्रण, काळेपणा, अकस्मात थंड झालेला पाय यांत चालणे नव्हे, त्वरित पाठवणी.
३. नाडीहीन पायावर अग्निकर्म, रक्तमोक्षण, तीव्र स्वेदन वर्ज्य.
४. बारा आणे वेदनेपर्यंत चालणे, पूर्ण विश्रांती, पुन्हा चालणे; आठवड्यातून तीन ते पाच दिवस, निदान बारा आठवडे.
५. श्वासाचा अर्धशक्तीचा दंडक पाळावा. अनवाणी चालवू नये.
६. तंबाखू, विडी, मिश्री यांचा संपूर्ण त्याग आणि हृदयरक्षक औषधांत खंड नाही.